निमाजीची काठी

आमच्या पणजोबांचे पणजोबा रांगत होते, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता, आणि आजही नाही. पाणी उथळ असतं त्या उतारावरून लोकांना हात धरून पलीकडे नेण्याचं काम निमाजी ठाकर करायचा.

निमाजीला पावसाची वेळ कळायची. नवरात्र सरलं, की सकाळ लख्ख असते. दुपार कलली, की डोंगरमाथ्यावर ढग जमतात, तिथं पाऊस कोसळतो, आणि इथं ऊन असतानाच लोंढा येतो. म्हणून सूर्य डोक्यावर आला की निमाजी काठावर काठी रोवायचा. मग कुणी शिव्या घालो, कुणी गूळ देवो, तो कुणालाही पाण्यात उतरू द्यायचा नाही. त्याच्या हट्टाने किती जीव वाचले याची गणती नाही, असं म्हणतात.

एका वर्षी त्याची लेक येसू नणंदेबरोबर बाळंतपणाला माहेरी निघाली. पाय सुजलेले, म्हणून वाटेत उशीर झाला. ती पलीकडच्या काठावर पोचली तेव्हा काठी रोवून झाली होती.

"बा, आभाळ निवळ हाय. ने ना मला."

निमाजीने डोंगराकडे पाहिलं. एकही ढग नव्हता. पण पोटच्या पोरीला त्या वेळी पाण्यात घालायची त्याची छाती होईना.

"सकाळी नेतो, पोरी. दुपारच्या पाण्याचा भरवसा नाय."

दोघी पलीकडेच गुराख्याच्या खोपटात थांबल्या. त्या दिवशी पाऊस आलाच नाही.

उजाडताच निमाजी पलीकडे गेला. नणंदेच्या मांडीवर तान्ही मुलगी होती, आणि येसू गेली होती. सुईण अलीकडच्या काठावर होती, आणि नदीला रात्रभर घोट्याएवढंच पाणी होतं.

नात बायकोच्या ओटीत घालून, लेकीला माती देऊन, दुपारी तो काठी घेऊन नदीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. डोंगराकडे तोंड करून म्हणाला, "काल कुठं होतास?"

डोंगर काळा झाला, लोंढा आला. लोकांनी हाका मारल्या, पण निमाजी हलला नाही. पाणी ओसरलं तेव्हा काठी तिथंच ताठ उभी होती, निमाजी नव्हता. पाऊससुद्धा त्या दिवशी खजील झाला, असं म्हणतात.

आजही आम्ही दुपारी काठी रोवतो, आणि कुणी पाण्यात उतरत नाही. पण पलीकडे दिवस भरलेली बाई दिसली, की काठी उपटतात. एक जण टेकाडावर बसून डोंगर बघतो, बाकीचं गाव हात धरून पाण्यात उभं राहतं, आणि तिला या हातातून त्या हातात देत अलीकडे आणतं. तेवढा वेळ पाऊस डोंगरावरच थांबतो, असं म्हणतात.

आणि ती कुणाचीही लेक असो, अलीकडच्या काठावर तिचा हात धरणारा म्हातारा तिला म्हणतो, "आलीस, येसू."