नाही म्हणण्याचा मान

भोरदऱ्यामागच्या खिंडीत चढणाऱ्या या पायऱ्या जरा नीट बघा. एकीसारखी दुसरी नाही. एक चांगली हातभर रुंद, पुढचीवर जेमतेम टाच मावते, तिसरी मध्येच खोलगट. पाथरवटाने घडवलेल्या पायऱ्या अशा नसतात. या मुळात पायऱ्या म्हणून आणलेल्याच नाहीत, बसायला आणलेल्या आहेत, असं गावात सांगतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा या डोंगराला वाट नव्हती, नुसता घसारा होता. मुरूम आणि बारीक खडी, माणूस दोन पावलं वर गेला की चार पावलं खाली यायचा. भोरदऱ्यात धुरपदा नावाची विधवा राहायची. तिची एकुलती एक लेक येसू पाणसऱ्याला दिलेली. पाणसरे म्हणजे डोंगराला वळसा घालून, नदी उतरून तीन दिवसांची चाल. येसूला पहिल्या खेपेला दिवस भरायच्या आतच कळा आल्या, माहेरी आणायला सवडच मिळाली नाही. निरोप मिळताच धुरपदा धावत निघाली. पोचली तेव्हा बाळ मातीआड झालेलं होतं आणि येसू भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आये, तू असतीस तर..." एवढंच ती म्हणाली. ते धुरपदाच्या काळजातून कधी निघालं नाही.

परतताना लेकीला सोबत म्हणून तिने आपला कोंबडा तिथे ठेवला. कोंबडा अंगाने धिप्पाड, पण अकलेने यथातथाच. पहाटे सगळं गाव उठलं तरी हा झोपलेला, आणि भरदुपारी माणसं जरा आडवी झाली की फाटक्या आवाजात आरवायचा.

पुढच्या दिवाळीत कळलं की येसूला पुन्हा दिवस गेलेत, चैत्रात बाळंत होईल. पोटुशीला तीन दिवस चालवत माहेरी पाठवायला सासू तयार नव्हती, आणि तिचंही काही चुकत नव्हतं. धुरपदाच्या तोंडची चव गेली. अशीच एका दुपारी ती अंगणात नाचणी पाखडत बसली होती. डोंगरापलीकडून वारा आला आणि वाऱ्याबरोबर तोच फाटका आवाज. सूप हातात तसंच राहिलं.

ती तडक चावडीवर गेली. "पानसरं या डोंगराच्या पाठीलाच हाय. म्या माजा कोंबडा ऐकला. म्या वाट काढनार."

चावडीवर अंताजी मोकाशी बसलेले असायचे. गावात पाऊस पडायचा तोसुद्धा त्यांना विचारून, असा त्यांचा दरारा. ते म्हणाले, "धुरपे, त्या डोंगरामागं आनखी तीन डोंगर हायेत. माज्या आज्यानं सांगितलंय." आजा कधी वर गेला होता का, हे विचारायची गावात पद्धत नव्हती. दुसऱ्या दुपारी सगळ्यांनी कान टवकारून ऐकलं. कोणाला काही ऐकू आलं नाही. "व्हायचं न्हाई ह्ये," मोकाशींनी निकाल दिला, आणि गाव जेवायला गेलं.

धुरपदा कुदळ घेऊन डोंगराला भिडली. दिवसभर ती मुरमात खाचा पाडायची, सकाळी बघावं तर त्या बुजलेल्या. ही बातमी पसरल्यावर ती कशी फसते ते बघायला माणसं येऊ लागली. तिसऱ्या दिवशी खुद्द मोकाशी आले. जरा वर चढून, सगळं नीट दिसेल अशा जागी बसले, आणि मुरमासकट थेट पायथ्याला आले. धोतर फाटलं. कोणी हसलं नाही, पण हसू दाबताना दोघांना ठसका लागला म्हणे.

दुसऱ्या दिवशी मोकाशी एक जाड चपटा दगड घेऊन आले. तो मुरमात दाबून घट्ट बसवला आणि त्यावर दिवसभर बसून "व्हायचं न्हाई" म्हणत राहिले. संध्याकाळी दगड कोण परत नेणार? सकाळी धुरपदाने त्यावर पाय देऊन बघितला. हलला नाही. मोकाशींच्या वजनाने तो असा रुतला होता की पहारेनेही निघाला नसता. ती त्यावर उभी राहून पुढची खाच खणायला लागली.

मोकाशी आले तर त्यांच्या बैठकीवर धुरपदा उभी. त्यांनी दुसरा दगड मागवला आणि तिच्या वरच्या अंगाला बसवला, कारण खालून नीट दिसत नव्हतं. मोकाशींचं बघून बाकीच्यांनीही दगड आणले. धुरपदा रोज वर सरकायची, तिला फसताना बघायचं तर गावालाही वर सरकावं लागायचं, आणि दर खेपेला नवी बैठक. धुरपदाने कोणाला कधी हटकलं नाही. उलट एखाद्या दिवशी माणसं कमी आली तर ती पाणवठ्यावर जाऊन मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "आज काय माजं खरं न्हाई, बायांनो." दुपारपर्यंत निम्मं गाव दगड घेऊन हजर.

असे चार महिने गेले. फाल्गुन सरता सरता मात्र धुरपदाला रोज ऐकू येणारा कोंबड्याचा आवाज बंद झाला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठ दिवस. "कापला आसंल," मोकाशी म्हणाले, आणि पहिल्यांदाच धुरपदा कुदळ टाकून मटकन खाली बसली. आपल्याला भास तर होत नव्हता? चार महिने आपण वाऱ्यामागे तर धावलो नाही? तिला रडू आलं आणि ती सगळ्यांदेखत रडली. मग पदराने तोंड पुसून उठली. "कोंबडा गप बसला म्हनून गाव थोडंच हाललं?" एवढं स्वतःशीच बोलली आणि पुन्हा खणायला लागली.

चैत्रातल्या एका दुपारी खिंड एका पायरीवर राहिली. पण दगड उरला नव्हता, होता तो फक्त मोकाशींच्या बुडाखाली.

"मोकाशीबाबा, उठा."

मोकाशी उठले. का उठले, ते त्यांनाही पुढे कधी सांगता आलं नाही. धुरपदाने दगड लावला, त्यावर पाय दिला आणि खिंडीत उभी राहिली. खाली पाणसरे होतं. मागे तीन डोंगर नव्हते, एकही नव्हता. हिरवा उतार, कौलं, धूर आणि डालग्याखाली झाकून ठेवलेला एक कोंबडा. दिवस भरत आलेल्या सुनेची दुपारची झोपमोड नको म्हणून येसूच्या सासूने त्याला डांबून ठेवलं होतं.

येसूला सकाळपासून कळा येत होत्या. दारात आई दिसली तेव्हा तिने तिचा हात जो धरला, तो दिवेलागणीला मुलगी जन्मली तेव्हाच सोडला. मोकाशी खिंडीत उभे होते. बाळाचं रडणं ऐकू आलं तसे तेही डोळे पुसत होते असं सांगतात. पण कोणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "चढली खरी. माघारी येनं व्हायचं न्हाई."

आजही भोरदऱ्यात लग्न ठरो की घराचा पाया खणायचा असो, पहिला नारळ मोकाशांच्या घरी जातो. घरातला कर्ता पुरुष येतो, चपट्या दगडावर बसतो आणि गंभीरपणे म्हणतो, "व्हायचं न्हाई." मगच कामाला हात लागतो. एका मोकाशांनी, शहरात शिकून आलेल्या, चांगुलपणाने "छान होईल" म्हटलं होतं. यजमानीण रडायलाच लागली. शब्द मागे घेईपर्यंत पाया खणला गेला नाही.

आजही पायथ्याशी सध्याचे म्हातारे मोकाशी बसलेले दिसतील. ते तुमच्या पायातल्या चपला बघतील, पोट बघतील आणि मान हलवून म्हणतील, "व्हायचं न्हाई." रागावू नका. वाटेत दम लागला तर बसायला शेजारच्या ढिगातला एक चपटा दगड उचला आणि चढायला लागा. चार पायऱ्या गेलात की मागून त्यांची हाक येईल. ती दरवेळी येते.

"पोचलातच, तर खाली पानसऱ्यात माजी लेक दिलीया. तिला सांगा, बाबा बरा हाय."