पडद्याच्या कातळावरच्या फण्या

कोंडवशीची खिंड उतरलात की उजव्या हाताला एक सरळसोट कातळ दिसतो. आजूबाजूचे सगळे डोंगर काळे आणि हा एकटा पांढराधोप. उन्हात त्याच्याकडे बघवत नाही. नवखी माणसे गाडी थांबवून विचारतात, इथे संगमरवर निघतो का? कसला संगमरवर! साधा चुना आहे. दर पावसाळ्यात धुऊन जातो आणि दर वर्षी दसरा झाला की गावातल्या बाया नव्याने लावतात. कातळाला मधोमध भेग आहे आणि त्या भेगेत फण्या खोचलेल्या आहेत. लाकडाच्या, शिंगाच्या, हल्लीच्या प्लास्टिकच्या. देव म्हणावा तर इथे शेंदूर नाही, घंटा नाही, आणि कुणी नारळ आणलाच तर म्हाताऱ्या बाया तो घरी घेऊन जा म्हणतात. या जागेला पडद्याचा कातळ म्हणतात. फोटो हवे तितके काढा, फण्यांना मात्र हात लावू नका. आणि गोष्ट ऐकायची असेल तर खाली बसा. उभ्या माणसाला ही गोष्ट आम्ही सांगत नाही, तसा इथला रिवाज आहे.

जर्मनीची पहिली लढाई पेटली नव्हती तेव्हा खिंडीच्या तोंडाशी पहिले घर गोजराबाई शेलाराचे होते. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच लेक, हौसा. गोजराबाईच्या पायाला भिंगरी होती म्हणे. तिला बसलेली कुणी पाहिली नव्हती. जेवायचीसुद्धा उकिडवी, एक पाय उठायच्या तयारीत. दिवसातून एकदाच ती बूड टेकायची, ते हौसाचे केस विंचरताना. हौसाचे केस दाट, गुंता भारी आणि पोरगी चुळबुळीत आईच्याही वरताण. मग डोक्यात फणीचा टोला बसायचा, ‘आई गं’ अशी आरोळी उठायची आणि अर्ध्या गावाला कळायचे की शेलारांकडे वेणी चालली आहे.

आता इथून थेट इटलीत चला. हसू नका, गोष्टच तशी आहे. तिकडे बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी तुरीन नावाचे शहर आहे. तिथे साल्वेस्त्री नावाचा एक चष्मेवाला होता, असे सांगतात. काचा घासता घासता त्याला हलत्या चित्रांचे वेड लागले. दुकान मोडून त्याने काचेच्या छपराची एक भलीमोठी चित्रशाळा बांधली आणि आत चित्रे काढू लागला. पुठ्ठ्याचे आणि पोत्यांचे रोम उभे करायचे, पेटवून द्यायचे, पुन्हा उभे करायचे. सर्कशीतले हत्ती आणले, सिंह आणले. लोक खुळ्यासारखे धावायचे बघायला. रोम जाळून कंटाळा आला तेव्हा साल्वेस्त्रीने आपली माणसे हलती चित्रे टिपायच्या पेट्या देऊन देशोदेशी पाठवली, की जा आणि जगात जे जे अचाट असेल ते टिपून आणा. त्यातला एक, एत्तोरे नावाचा, आपल्याकडे आला. त्याला वाघाची शिकार टिपायची होती. बरोबर दुभाषा म्हणून गोव्याचा पास्कू होता. बोटीवर खानसामा राहिलेला, मालकाची भाषा मोडकीतोडकी बोलणारा, स्वभावाने जरा मानी.

कुठल्याशा संस्थानात वाघ टिपून झाला. परतताना कोंडवशीच्या खिंडीत बैलगाडीचा आस मोडला. मग पहिले घर कोणाचे, तर गोजराबाईचे. दारी पाहुणा आलेला, तोही परमुलखातला. गोजराबाई गूळ-पाणी आणायला आत गेली आणि फडताळात बघते तर गुळाचा खडा गायब. घरात गूळ तेवढाच होता. बाहेर येऊन तिने इकडेतिकडे पाहिले. पास्कू दाराशी उभा.

“तूच काडलास माजा गूळ,” ती म्हणाली. “तूच हितं हुबा हुतास.”

“मी?” पास्कूला राग आवरेना. “मी बोटीवर साहेबलोकांचा केक सांभाळला, बाय! तुझ्या गुळाला मी हात लावणार?”

एत्तोरेने नुसते पाणी प्यायले आणि मान लववून आभार मानले. गोजराबाईला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पाहुण्याला कोरडे पाणी दिल्याचा सगळा राग मग हौसाच्या केसांवर निघाला. उंबऱ्यावर पोरीला पुढ्यात घेतली आणि फणी अशी ओढली की पोरगी किंचाळली. पुन्हा ओढली, पुन्हा किंचाळली. एत्तोरेने रस्त्यावर तिवईवर पेटी मांडली. वाघाच्या फितीचा थोडासा तुकडा उरला होता, तो त्याने पेटीची कडी फिरवत या मायलेकींवर संपवून टाकला. हे काम त्याला कुणी सांगितले नव्हते.

संध्याकाळी आस दुरुस्त होईपर्यंत त्याने पास्कूकरवी समजावले, की या पेटीत गेलेले माणूस पडद्यावर पुन्हा हलते.

“बोलतं का?” गोजराबाईने विचारले.

“बोलत नाही. नुसतं हलतं, हसतं.”

“मुकं म्हना की.”

एत्तोरेने शब्द दिला, पुढच्या खेपेला हे चित्र इथे आणून दाखवीन. फक्त एक मोठा पांढरा पडदा लागेल. एवढे कापड गावात कुणाकडे असणार? गोजराबाईने समोरच्या कातळाकडे बोट केले. ह्यो चालंल का? एत्तोरे म्हणाला, चुना लावलात तर याच्यासारखा पडदा नाही. गाडी गेली आणि गोजराबाई चित्र विसरून कामाला लागली.

मग लढाई आली. लढाईमागून मानमोडीची साथ आली. घरटी एक-दोन माणसे नेली तिने. हौसाच्या लग्नाचे बोलणे चालले होते, तीही त्यात गेली.

गोजराबाईची खरी तगमग इथून पुढची. रडून झाले, डोके आपटून झाले, आणि एके दिवशी तिच्या ध्यानात आले की लेकीचे तोंड तिला आठवत नाही. डोळे मिटले की हौसाची पाठ दिसायची. दाट केस, मधला भांग, मानेवरचा तीळ. आयुष्यभर मागे बसून विंचरले, ते सगळे मागचेच मनात राहिलेले. तोंड समोर आणू गेले की ते विरघळून जायचे. आणि कानात ती आरोळी, परक्यांपुढे रागाने ओढलेल्या केसांची. शेवटी शेवटी तेवढीच राहणार का माझ्यापाशी, या भीतीने ती अन्न गिळेना. तेव्हा तिला ती पेटी आठवली. तोंड पेटीत आहे. साहेब आणील आणि आपण एकदा, फक्त एकदा बघू.

त्या दसऱ्याला तिने कातळाला पहिला चुना लावला. शिडी स्वतः बांधली, चुना स्वतः भिजवला, हात सोलवटून घेतले. पावसाने तो धुऊन नेला, तिने पुन्हा लावला. दर बाजाराच्या दिवशी खिंडीत जाऊन उभी राहायची, येणाऱ्या गाड्या निरखायची, घरी यायची, पाणी प्यायची आणि पुन्हा खिंडीत. ‘साहेबानं हिला चुना लावला नि ही कातळाला लावतीया,’ असे पारावर बसून लोक म्हणायचे. गोजराबाईला ते ऐकू जायचे. ती त्यांच्याकडेच चुन्याची घमेली उचलायला मदत मागायची आणि ते निमूट उठायचे.

इकडे तुरीनमध्ये काय झाले, तर साल्वेस्त्री कंपनीचे दिवस फिरले. लढाईत परदेशची गिऱ्हाइके तुटली, नट सैन्यात गेले, काचेच्या छपराखाली शेवाळ धरले. मग पाच-पंचवीस बुडत्या कंपन्यांनी एकमेकींना मिठ्या मारल्या आणि सगळ्या मिळून बुडाल्या. साल्वेस्त्रीच्या गोदामातल्या फिती तेवढ्या राहिल्या. जळालेली रोमे, हत्ती, वाघ, सगळे त्याने वजनावर विकून टाकले. घेणारा होता फण्यांचा कारखानदार. फीत ज्या पदार्थाची असते त्याच्याच तेव्हा फण्या व्हायच्या म्हणे. वितळवायचे आणि साच्यात ओतायचे.

एत्तोरे लढाईतून जिवंत परतला तेव्हा चित्रशाळेला कुलूप होते. पोटासाठी तो मुंबईच्या एका बायस्कोप कंपनीत लागला. आणि एकदा सुटी काढून, पास्कूला शोधून काढून, तो कोंडवशीला आला. दुपार टळत होती. खिंडीतून त्याला पहिल्यांदा तो पांढरा कातळ दिसला आणि म्हणे तो तिथेच मटकन खाली बसला. त्याला वाटले होते, बाई विसरली असेल.

गोजराबाई धावत आली. रामराम नाही, काही नाही.

“आनलंस?”

एत्तोरेने खिशातून एक काळी चकचकीत फणी काढून तिच्या हातात ठेवली आणि पास्कूने खाली मान घालून सगळे सांगितले. गोजराबाईने फणी उन्हापुढे धरली. उलटी केली, सुलटी केली.

“ह्यात माजी हौसा कंच्या दातात हाय,” ती म्हणाली, “तेवडं तरी सांग.”

पास्कूने याचे भाषांतर केले नाही. करायची गरज पडली नाही. गोजराबाई अंगणात येरझारा घालू लागली, दारापर्यंत आणि कातळापर्यंत, कातळापर्यंत आणि दारापर्यंत. लोक जमले. मग ती एकदम थांबली.

“तू तर बगितलंस नव्हं? तुज्या डोळ्यांनी? मी मागं हुते, मला न्हाई दिसलं. त्या दिशी मी लई वडलं तिला. लई रडली का रं ती?”

पास्कूने विचारले. एत्तोरेने नकारार्थी मान हलवली, पहिल्यांदा हळू, मग जोरजोरात. ती फीत त्याने स्वतः धुतली होती, तुरीनच्या नाट्यगृहांत कितीदा तरी दाखवली होती. त्याने गोजराबाईला उंबऱ्यावर बसवले, कातळाकडे तोंड करून. हातात फणी दिली. स्वतः रस्त्यावर पूर्वीच्याच जागी उभा राहिला आणि हवेतल्या हवेत कडी फिरवू लागला. मग तिच्या पुढ्यात येऊन बसला आणि, आता काय सांगू तुम्हाला, तो पिकल्या दाढीचा बाप्या हौसा झाला.

पास्कू सांगू लागला. “आता तू फणी घातलीस. आता ओढलीस. तिनं तोंड उघडलं, मोठ्ठं. डोळे मात्र हसतात. आता मूठ तोंडाकडे नेली. मुठीतलं काहीतरी खाल्लं. गाल फुगला. आता तू परत ओढलीस. परत ओरडली, परत मूठ तोंडाशी. प्रत्येक ओढीला एक घास. तिथल्या बाया या जागी पोट धरून हसायच्या म्हणतो साहेब.”

“काय खाती?” गोजराबाईने विचारले.

“ते चित्रात कळत नाही. काळपट काहीतरी, बोटांना चिकटतंय, ती बोटं चाटते, आणि मग...”

पास्कू बोलता बोलता थांबला. त्याचे तोंड लाल झाले.

“गूळ!” तो ओरडला. “बाय, तो गूळ! तुझी पोरगी खात होती! आणि आळ माझ्यावर!”

लोक सांगतात, गोजराबाई आधी हसली. साथीनंतर तिला हसताना कुणी पाहिले नव्हते. हसता हसता ती रडू लागली आणि पास्कूपुढे हात जोडू लागली, आणि तोही रडू लागला. ‘मी वडीत हुते नि ही सटवी गूळ खात हुती,’ एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. कुणी म्हणतात, एत्तोरेने तिचे मन राखायला सगळे रचले. म्हणोत. पण ज्याच्यावर आळ होता तो पास्कू जसा ओरडला तसे रचून ओरडता येत नाही, असे आमचे मत आहे.

त्या दिवशी ऊन कातळावरून उतरेपर्यंत गोजराबाई उंबऱ्यावर बसून राहिली. गाव तिला बसलेली बघायला येऊन गेले. तिला तोंड दिसले होते, मुठीसकट, फुगल्या गालासकट. दुसऱ्या दिवशी तिने ती काळी फणी कातळाच्या भेगेत आतवर सरकवली. आता ती वाऱ्याने, पावसाने कुठवर गेली असेल कोण जाणे. काठीने शोधू नका.

आजही दसऱ्यानंतर बाया कातळाला चुना लावतात आणि तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मायलेकी इथे जमतात. आई मागे बसून विंचरते आणि लेकीसमोर तिसरी एक बाई बसते, ती तोंड बघून आईला सांगते, हसतीया, रुसलीया, जांभई देतीया. खोटे सांगायचे नाही असा नेम आहे. रडत असेल तर रडतीया म्हणायचे. लेकीच्या मुठीत त्या दिवशी गूळ असतो आणि त्यावरून कुणी बोलत नाही. ओळीतली पहिली जागा मोकळी ठेवतात. सगळ्यांचे झाले की गावातली सर्वांत म्हातारी बाई त्या मोकळ्या जागेसमोर जाऊन बसते, डोळे बारीक करून बराच वेळ बघते आणि कातळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगते, “गूळ खातीया, गोजराबाय. तू इंचर निवांत.”