खुंटीवरची चावी

नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावात लेथ एकच होता आणि तो चालवणारा कारागीरही एकच. गाडीचा आस असो की पंपाचा दांडा, लोखंड तासून घ्यायचं तर त्याच्याच दारात यावं लागे.

कारागिराची बायको दाराशी लाकडी स्टुलावर बसून तांदूळ निवडायची. त्याचा हात खटक्याकडे गेला, की सुपातून मान वर न करता विचारायची, "अहो, चावी कुठंय?"

"खुंटीला!"

"आणि बाह्या?"

"कोपराच्या वर!"

मगच लेथ फिरायचा. लेथवर लोखंड घट्ट धरून फिरवणारा जबडा असतो, त्याला चक म्हणतात. तो आवळायची चावी चांगली जड. ती चकातच राहिली आणि लेथ सुरू झाला, तर गोफणीतल्या दगडासारखी सुटते. सैल बाही अडकली, तर तिच्यामागून हात जातो. बायकोला लेथमधलं दुसरं काही कळत नव्हतं, पण एवढं पक्कं ठाऊक होतं.

"रोज तेच काय विचारतेस? गिऱ्हाईकं हसतात," कारागीर कुरकुरायचा.

"हसतील त्यांचे दात दिसतील. तुम्ही उत्तर द्या."

तीस वर्षं असं चाललं. मग एका हिवाळ्यात ती तापाने गेली.

तेराव्यानंतर कारागिराने काम सुरू केलं. लोखंड चकात आवळलं, खटक्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. कोणी काही विचारेना. स्टूल रिकामं होतं. बऱ्याच वेळाने त्याने स्वतःच विचारलं, "अहो, चावी कुठंय?" आणि सवयीने उत्तर दिलं, "खुंटीला!" बघतो तर खुंटी मोकळी, चावी चकात. ती काढून त्याने जागेवर टांगली. त्या दिवसापासून प्रश्नही त्याचाच आणि उत्तरही त्याचंच. तेवढ्याने घर जरा कमी रिकामं वाटायचं, हेही खरं.

गावाला मात्र आयती करमणूक मिळाली. गिरणीवाला तर पारावर बसून नक्कल करायचा. "अण्णांचं डोकं फिरलं, वहिनींच्या आवाजात बोलतात!" हे फिरत फिरत कारागिराच्या कानावर आलं. एकट्या माणसाला असं हसणं जिव्हारी लागतं, कारण घरी जाऊन ते सांगायला कोणी नसतं.

एके दिवशी गिरणीचा दांडा झिजला. गिरणीवाला तो घेऊन आला आणि त्याच्यामागून चार रिकामटेकडेही आले. आता अण्णा बोलणार म्हणून एकमेकांना कोपरखळ्या मारत सगळे दारात उभे राहिले. कारागिराने दांडा आवळला. प्रश्न ओठांवर आला. त्याने तो गिळला आणि मुकाट्याने खटका दाबला.

चावी चकातच होती. ती सुटली, कारागिराचा कान फाडून गेली आणि दाराजवळच्या रिकाम्या स्टुलावर आदळली. स्टुलाच्या ठिकऱ्या उडाल्या. रिकामटेकडे पळाले. गिरणीवाल्याने धावत येऊन खटका बंद केला आणि खांद्यावरचा पंचा कारागिराच्या कानावर दाबून धरला.

"अण्णा, आज वहिनी इथं बसलेल्या असत्या तर?"

"ती असती, तर चावी चकात राहिलीच नसती," कारागीर म्हणाला, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच दुसऱ्या माणसासमोर रडला.

कानाची जखम भरायला महिना लागला. तोवर गिरणी बंद, म्हणून सगळं गाव दळणाचे डबे घेऊन नदीपलीकडे जात होतं. महिन्याने गिरणीवाला पुन्हा आला. त्याने स्वतःच्या हाताने नवं स्टूल बनवून आणलं होतं. ते दाराशी ठेवून तो त्यावर बसला. कारागिराने दांडा चकात आवळला आणि हात खटक्याकडे नेला.

"अण्णा, चावी कुठंय?" गिरणीवाल्याने विचारलं. या वेळी त्यात नक्कल नव्हती.

कारागिराने वळून बघितलं. "खुंटीला!"

मग तो पुढच्या प्रश्नासाठी थांबला. हसण्याच्या नादात तो गिरणीवाल्याने कधी नीट ऐकलाच नव्हता. तो कारागिराने स्वतःच विचारला, अगदी हळू. "आणि बाह्या?"

"कोपराच्या वर," उत्तरही त्यानेच दिलं, आणि लेथ फिरू लागला.

तात्पर्य: जीव राखणारी सवय लोकांच्या हसण्याला भिऊन सोडू नये. हसणारे हसून घरी जातात, यंत्रापुढे आपल्यालाच उभं राहायचं असतं.