आधी खालून

“...आणि छाटायचीच नाहीत, असं एखाद्याने ठरवलं तर?”

जालिंदर वाघमोडेने हे विचारलं तेव्हा बाकीचे विद्यार्थी गुलाबांच्या वाफ्यांत वाकून कामाला लागले होते. दसरा होऊन चार दिवस झाले होते. छाटणीचे दिवस होते. त्याच्या हातातली कात्री मात्र मिटलेलीच होती.

दस्तगीर बागवान मास्तरांनी मान वर केली नाही.

“तर नाही छाटायची,” ते म्हणाले आणि पुढच्या वाफ्याकडे गेले.

जालिंदर तिथेच उभा राहिला. तो वाद घालायच्या तयारीने आला होता. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याने चार मुद्दे मनात जुळवले होते. त्यांतला एकही कामाला आला नाही.

तालुक्याच्या गावातलं ते कम्युनिटी कॉलेज. बागकाम आणि उद्यानरचना असा तिथे एक वर्षाचा अभ्यासक्रम होता. वयाची अट नव्हती, म्हणून एक्केचाळिसाव्या वर्षी जालिंदरला प्रवेश मिळाला. बागवान मास्तर प्रात्यक्षिकं घ्यायचे. नगरपालिकेच्या बागेत तीस वर्षं मुख्य माळी म्हणून काढलेली. आता सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे, डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीवर कायम मातीची बोटं उमटलेली. बोलणं कमी. रोप हातात द्यायचे आणि निघून जायचे. मास्तर पाठमोरे झाले की शिकवणं सुरू होतं, असं पोरं म्हणायची.

जालिंदरचं एक व्रत होतं. झाडाला लोखंड लावायचं नाही. तो माती खणायचा, आळी करायचा, रोपं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर अशी न्यायचा की पानसुद्धा मान टाकायचं नाही. पण कात्री, कोयता, करवत... या वस्तू त्याने इथे कधी झाडाला लावल्या नाहीत.

कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे वर्गातल्यांनी आपापल्या परीने ते शोधून काढलं होतं. वाघमोडे काकांना झाडाची वेदना कळते, असं एक मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली. जालिंदरने मान खाली घातली, पण ते वाक्य घरी नेऊन बायकोला ऐकवलं. मंदाकिनी भाकरी थापत होती. तिचा हात जरासा थांबला, पुन्हा चालू झाला. तिला सगळं ठाऊक होतं.

जालिंदर अकरा वर्षं झाडं तोडत होता.

एका ठेकेदाराच्या टोळीत मशीनची करवत त्याच्या हातात असायची. रस्ता रुंद व्हायचा आणि दोन्ही कडांच्या चिंचा, वड, लिंब आडवे व्हायचे. त्याच्याइतका जाणता गडी टोळीत दुसरा नव्हता. विजेच्या दोन खांबांच्या मधोमध झाड पाडायचं असलं की मुकादम त्यालाच हाक मारायचा. झाड कुठे पडणार हे तो आधी बोट करून दाखवायचा, आणि ते तिथेच पडायचं.

मग एका भाद्रपदात एक जुनी चिंच वाट्याला आली. वर बगळ्यांची घरटी होती. पिलांना अजून पंख फुटले नव्हते. पंधरा दिवस थांबू, असं जालिंदर म्हणाला. मुकादम म्हणाला, रस्ता थांबत नाही. जालिंदरने मशीन चालू केलं. त्या दिवशीही झाड त्याने सांगितलं तिथेच पडलं. डांबरावर सगळीकडे पांढरं पांढरं... आणि त्या पांढऱ्यातून येणारा आवाज.

घरी आल्यावर दोन दिवस तो जेवला नाही. मशीन परत करून आला. पुढची दोन वर्षं पिठाच्या गिरणीत काम केलं. कॉलेजची जाहिरात दिसली तेव्हा त्याने मनोमन शब्द दिला, आणि त्या शब्दाला धरून तो वर्षभर चालला होता.

आता गोष्ट परीक्षेवर येऊन ठेपली होती. छाटणीच्या प्रात्यक्षिकाशिवाय प्रमाणपत्र मिळणार नव्हतं. नापास होऊ, पण हात लावणार नाही, असं त्याने ठरवलं. खरं सांगायचं तर त्या ठरवण्यात त्याला थोडी गोडीही वाटू लागली होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे वाफे ओकेबोके दिसत होते. गुडघाभर उंचीच्या काड्या, बस्स. जालिंदरचे गुलाब तेवढे पानांनी भरलेले, खांद्याला लागणारे. येणारेजाणारे त्याच्याच वाफ्यापाशी थांबत.

दोन आठवड्यांत चित्र पालटलं. काड्यांना लालबुंद कोंब फुटले. जालिंदरच्या गुलाबांच्या फांद्या मात्र शेंड्याकडून काळ्या पडत खाली वाळत येऊ लागल्या. तो रोज सकाळी वाळलेली पानं हाताने वेचायचा, आळ्यात शेणखत घालायचा. वाळण थांबेना. मास्तर बाजूने जायचे, बघायचे आणि पुढे जायचे. एकदा तरी रागावतील, असं त्याला वाटत राहिलं. ते रागावले नाहीत, आणि तेच त्याला जड जाऊ लागलं.

अशात एके दिवशी दुपारी चारच्या सुमाराला वळीव येतो तसं वादळ आलं. अर्धा तास वारा, मग गारा. ओसरल्यावर सगळे बाहेर आले तेव्हा आवारातल्या शिरीषाची मोठी फांदी पिचून लोंबत होती.

तो शिरीष कॉलेजपेक्षा जुना. वर्गाकडे जायची वाट त्याच्याच खालून जाई, आणि शेजारच्या शाळेतली मुलंही तिथूनच ये-जा करत. फांदी माणसाच्या कमरेएवढी जाड. खोडापासून हातभर अंतरावर मोडलेली, खालच्या अंगाला थोड्या लाकडावर आणि सालीच्या एका पट्ट्यावर तोललेली. तिच्या ओझ्याने तो पट्टा खोडावरून सोलवटत वीतभर खाली उतरला होता.

प्राचार्या देशमाने बाई घाबरल्या होत्या, आणि त्यांचं चुकीचंही नव्हतं. त्यांनी वाट बंद केली आणि फोन लावला. उद्या अकरा वाजता माणसं येऊन झाड बुंध्यापासून काढून नेतील, असं ठरलं.

लोक पांगले. मास्तर झाडाखाली एकटेच उभे होते. जालिंदर त्यांच्या मागे जाऊन थांबला.

“मास्तर... बुंध्यापासून काढायला नको.”

मास्तर वळले नाहीत.

मग जालिंदर हलक्या आवाजात सांगत सुटला. फांदीला दोर लावून वरच्या फांदीवरून ओढून धरावा लागेल. तीन माणसं दोरावर पुरतील. फांदी पूर्वेकडे झुकणार, पण दोर असा बांधला तर वाटेवर न येता गवतावर उतरेल. खोडाला काही झालेलं नाही. नीट कापलं तर झाड अजून पन्नास वर्षं उभं राहील.

“हे वहीत आहे?” मास्तरांनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

...

पागोळ्या ठिबकत होत्या. जालिंदरने खाली बघत सगळं सांगून टाकलं. टोळी, मशीन, अकरा वर्षं, ती चिंच. बगळ्यांपाशी आल्यावर त्याला दोनदा थांबावं लागलं. बोलून झाल्यावर तो वाट बघत राहिला. आता मास्तर आपल्याकडे बघतील, आणि ते बघणं कसं असेल हे त्याला ठाऊक होतं.

मास्तर वळले. रोज बघायचे तसेच बघत होते.

“ठाऊक होतं,” ते म्हणाले.

“कुणी सांगितलं?”

“तूच. पहिल्या दिवशी तुम्हाला सगळ्यांना या झाडाखाली आणलं होतं. बाकीचे फुलं बघत होते. तू झाड कुठे पडेल ते बघितलंस.”

वर्षभर ज्या गोष्टीला जालिंदर पोटाशी धरून बसला होता, ती समोरच्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होती. आणि तरी त्या माणसाने रोज सकाळी त्याच्या हातात रोप ठेवलं होतं.

“मग उद्या तू चढ,” मास्तर म्हणाले.

“नाही मास्तर. मी शब्द दिलाय.”

“कुणाला?”

“झाडांना.”

मास्तरांनी वर पाहिलं. वाऱ्याने फांदी किंचित हलली आणि सालीचा पट्टा करकरला.

“यालाही?”

...

जालिंदर घराकडे वळला. त्या रात्री त्याने मंदाकिनीला मास्तरांचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, कुणाला तरी कळलं. एवढं म्हणून ती झोपली. तिला बऱ्याच दिवसांनी अशी झोप लागलेली त्याने पाहिली.

सकाळी सातला तो कॉलेजात पोचला तेव्हा शिडी शिरीषाला लागलेली होती. फांदीला दोर बांधलेला होता, त्याने सांगितला होता तसाच. वर्गातले तिघे दोर धरून उभे होते. आणि मास्तर शिडीवर होते.

एका हाताने खोड धरून, दुखरा गुडघा पायरीला टेकवून ते उभे होते. दुसऱ्या हातात करवत होती. त्यांनी करवत उचलली आणि फांदीवर ठेवली. वरच्या बाजूने.

जालिंदर बघत राहिला. वरून कापलं तर उरलेलं लाकूड सुटेल, सगळा भार सालीवर येईल आणि पट्टा एका झटक्यात मुळापर्यंत सोलून निघेल. हे त्याला दिसत होतं. मास्तरांना दिसत नव्हतं का?

करवत एकदा पुढे गेली. भुसा उडाला.

करवत मागे आली.

“मास्तर, थांबा.”

करवत पुन्हा पुढे गेली.

“मास्तर! आधी खालून!”

तो धावला. दोन पायऱ्या चढून त्याने मास्तरांचं मनगट धरलं. मास्तरांनी करवत सोडली, ती त्याच्या हातात आली. मग ते एकेक पायरी करत, कण्हत कुंथत खाली उतरले आणि ओल्या गवतावर जाऊन बसले. त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

जालिंदर वर होता. करवत हातात होती. सगळे त्याच्याकडे बघत होते, पण त्याला ते जाणवलं नाही. तो सालीच्या पट्ट्याकडे बघत होता.

त्याने आधी खालून पट्टा तोडला, जिथपर्यंत तो सोलवटला होता तिथेच. फाटणं तिथे थांबलं. मग खालूनच फांदीला तिसऱ्या हिश्श्याएवढी चीर दिली. मग जरा पुढे सरकून वरून कापायला घेतलं. मशीन नव्हतं. दर चार ओढींना दम लागत होता. ओल्या लाकडाचा वास नाकात भरला. तो वास त्याच्या ओळखीचा होता, पण करवत थांबली नाही. दोरवाल्यांना तो आवाज देत होता... ढिला सोडा, आता धरा, अजून ढिला. फांदी करकरली, झुकली आणि हळूहळू गवतावर उतरली. वाटेवर तिचं पानही पडलं नाही.

राहिलेला बुडखा त्याने खोडाजवळ कापला. फांदी जिथे खोडातून निघते तिथे एक फुगीर कडं असतं. त्या कड्याला त्याने करवतीचा दातही लागू दिला नाही.

तो खाली उतरला. कुणीतरी पाण्याचा तांब्या दिला. तो सगळा एका दमात प्यायला, बुंध्याला टेकून बसला, आणि हसू लागला. का हसतोय हे त्याला सांगता येईना. दोर धरलेली पोरंही हसू लागली.

देशमाने बाई दहाला आल्या. त्यांनी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, वर बघितलं, वाट मोकळी आहे हे पाहिलं आणि अकराला आलेल्या माणसांना फक्त पडलेली फांदी उचलायला सांगितली. त्यांच्यातला एकजण जुन्या टोळीतला निघाला. त्याने जालिंदरला ओळखलं, वर कापलेल्या जागेकडे बघितलं आणि नुसती मान हलवली.

त्याच दुपारी जालिंदरने गुलाब छाटले. उशीर झाला होता, दोन रोपं गेली. बाकीची फुटली. परीक्षेत तो पास झाला. पहिला वगैरे आला नाही.

पौषात एकदा तो सकाळी लवकर आला. शिरीषावरच्या जखमेभोवती नव्या सालीची जाडसर कड चहूबाजूंनी आत सरकत होती. जालिंदरने चप्पल काढली. दोन्ही तळवे खोडावर टेकवले आणि डोळे मिटून पुटपुटू लागला. चिंचेबद्दल, वडांबद्दल, ज्यांची नावं आठवत होती त्यांच्याबद्दल आणि आठवत नव्हती त्यांच्याबद्दल. सगळ्यांच्या वतीने एकदा माफ कर, असं तो म्हणाला. मग कान देऊन थांबला.

...

पाठीमागे पावलं वाजली. मास्तर पाण्याची झारी घेऊन निघाले होते. ते थांबले. जालिंदर ओशाळून बाजूला झाला.

“काही बोलत नाही मास्तर हे.”

मास्तरांनी झारी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“नको विचारू त्याला,” ते म्हणाले. “त्याला कामं आहेत.”