वर म्हणजे कुठं

"तिनं या डबड्याला विचारलं, बाबा. मला का नाही विचारलं?"

सेलूकर सरांनी बगलेतला लॅपटॉप घोंगडीवर ठेवला. ठेवला कसला, जवळजवळ आपटलाच.

मदारशाबाबांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. माठातून पाणी काढलं, पेला सरांपुढं सरकवला आणि थांबले. पाणी प्यायल्याशिवाय दुःख सांगायचं नाही, अशी त्या फकिराच्या तकियाची रीत होती.

सर प्यायले. पेला खाली ठेवला.

"कोणी विचारलं?"

"नलिनीनं. माझ्या बायकोनं. दिवाळीनंतर गेली... हार्ट."

सरांनी जन्मभर ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. गावात कुणाचं काही अडलं की सरांकडं जायचं. उत्तर हमखास मिळायचं, वर चार शब्द ऐकूनही घ्यावे लागायचे. दुभत्या गाईच्या लाथा गोड, म्हणून लोक ऐकून घ्यायचे. घरच्यांच्या वाट्याला मात्र दूध कमी आणि लाथाच जास्त.

लॅपटॉप लेकीनं, गार्गीनं आईला घेऊन दिलेला. अगदी स्वस्तातला. वीजबिल भरावं, रेल्वेचं तिकीट काढावं, बहिणीशी व्हिडिओवर बोलावं, एवढंच नलिनीताईंचं त्यावर काम. त्या गेल्यावर तो कपाटात पडून होता. काल वीजबिलासाठी सरांनी उघडला. शोधायच्या चौकटीत क्लिक केलं मात्र, खाली नलिनीताईंचे जुने प्रश्न आपोआप उतरले.

"काय विचारलं होतं?"

सरांना पाठच झाले होते.

"दह्याला तार का येते. पंख्याचा रेग्युलेटर गरम का होतो. जिना चढताना..."

ते थांबले.

"जिना चढताना धाप लागते, डावा हात जड होतो. कशामुळं?"

बाबांनी रिकामा पेला माठावर पालथा घातला.

"मी शेजारच्या खोलीत होतो, बाबा. पेपर वाचत होतो. नुसती हाक मारली असती तरी... दवाखाना दोन गल्ल्या पलीकडं आहे."

"उघडा बरं," बाबा म्हणाले. "मला दाखवा."

सरांनी झाकण उघडलं, मोबाईलचं नेट जोडलं. बाबा वाकून बघत राहिले.

"सगळं यात साठवलंय?"

"छे. यात काहीच नसतं. सगळं वर असतं, क्लाउडमध्ये. म्हणून तर इतका स्वस्त."

"वर म्हणजे कुठं?"

सरांचा आवाज बदलला. दुःखातही मास्तर तो मास्तरच.

"त्याचं असं आहे. लांब कुठंतरी मोठाल्या इमारतींत यंत्रं असतात. आपण इथं लिहितो, साठतं तिथं. ही नुसती खिडकी समजा."

"अच्छा..." बाबांनी मान डोलावली. "पण वर म्हणजे कुठं?"

"सांगितलं ना. आभाळात नाही. जमिनीवरच, दुसऱ्या गावी."

"दुसऱ्या गावी. मग वर म्हणजे कुठं?"

"आत्ताच सांगितलं ना! लक्ष कुठं असतं तुझं?"

शब्द सुटून गेला...

सर गोरेमोरे झाले. समोर बापाच्या वयाचा माणूस बसलेला.

"माफ करा, बाबा. जिभेला सवय झालीय."

"असेल," बाबा म्हणाले.

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडं ओढला. कफनीच्या खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला. एका बोटानं अक्षरं शोधायला लागले. एक सापडलं की दुसरं हरवायचं. मदतीला सरांचा हात पुढं झाला आणि तसाच मागं आला.

चौकटीत उमटलं, 'वर म्हणजे कुठं'.

उत्तर आलं. बाबांनी ओठ हलवत ते वाचलं. मग सगळं पुसलं आणि पुन्हा तितक्याच सावकाश तोच प्रश्न लिहिला.

पुन्हा उत्तर आलं.

बाबांनी पुन्हा पुसलं, पुन्हा लिहिलं. यंत्रानं पुन्हा उत्तर दिलं, पहिल्यासारखंच.

सर पडद्याकडं बघत होते. बघता बघता त्यांचा चेहरा पडत गेला. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहणारी नलिनी त्यांना आठवली. "अहो..." म्हणायची, आणि त्यांनी पेपर खाली केला की "काही नाही" म्हणून परत वळायची. एवढा मोठा माणूस, पण सर लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. मदारशाबाबांनी त्यांना रडू दिलं.

बऱ्याच वेळानं बाबांनी विचारलं, "घरी कोण असतं आता?"

"गार्गी. शहरातली नोकरी घरातून करते. माझ्यासाठीच राहिलीय."

"ती काय विचारते तुम्हाला?"

"तिला कुठं काय विचारावं लागतं. हुशार आहे. परवा गॅसची नळी बदलायची होती, तर आत जाऊन दार लावून तिच्या लॅपटॉपवर..."

सरांची नजर समोरच्या लॅपटॉपवर गेली.

तकियाच्या लिंबावर एक होला घुमत होता. बाबांनी झाकण मिटलं, कफनीच्या टोकानं त्यावरची धूळ पुसली आणि लॅपटॉप सरांच्या दोन्ही हातांत दिला.

"घरी जा, मास्तर. लेकीला विचारा, वर म्हणजे कुठं... आणि कळलं तरी पुन्हा विचारा."