गारठलेले आकडे

वजनकाट्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. महाबळेश्वरच्या थंडीत स्ट्रॉबेरी तोलताना एका काट्याच्या पडद्यावरचे आकडे रेंगाळत उमटत. त्यांना हुकूम सोडणारी बॅटरी वैतागली.

"आळशी कुठले. उन्हात चला, म्हणजे हलाल."

"बाईसाहेब, गारठ्यात आमचं अंग आखडतं," पडद्याच्या काचेत रांगेने उभे राहून आकडे उमटवणारे द्रवस्फटिक म्हणाले. "जरा दम धरा."

बॅटरी ऐकेना. तिने काट्याला उन्हात सरकायला लावलं. आकडे झरझर उमटू लागले, तशी ती स्वतःवरच खूश झाली. दुपारी मात्र तापलेल्या द्रवस्फटिकांची रांग मोडली आणि पडदा काळाठिक्कर पडला. बॅटरी हुकुमामागून हुकूम सोडत राहिली, पण ऐकायला कुणी जागेवर नव्हतं.

संध्याकाळी सावलीत आकडे परतले. दुसऱ्या दिवशी पहाटे बॅटरीने हुकूम दिला आणि हळूच म्हणाली, "सावकाश होऊ द्या. मी थांबते."