तुटलेलं धरणारा थेंब

"दुखत नाही, तं थांबू काहून?"

"दुखत नाही म्हणूनच थांबा, बाबा."

बाबा हसले. डावा पाय त्यांनी पाटावर ठेवला होता. मधुमेहानं त्या पायाची जाणीव कधीच गेली होती. गेल्या साली करंगळी कापावी लागली, तेव्हाही म्हणे ते डॉक्टरांशी गप्पा मारत होते. आता टाचेजवळ जखम होती. कडा वाळल्यासारख्या, मधे एक ओलसर चीर.

चातुर्मास संपला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा मठ सोडून पायी निघणार होते. संन्याशानं एका जागी राहू नये, हा त्यांचा नेम.

डॉक्टर केतकी ढोमणे त्यांना निघू देणार नव्हती. लहानपणी ती याच मठात बाबांकडे मुळाक्षरं शिकली. आता प्रयोगशाळेत काम करायची आणि, खोटं कशाला बोला, स्वतःच्या हुशारीवर भारी खूश असायची.

"तुह्या त्या बाटलीत आहे तरी काय?" बाबांनी विचारलं.

"आपल्या कातडीखाली कोलॅजेन असतं, बाबा. दोरीसारखं. तीन पदरांना पीळ घातलेला. जखम झाली की पीळ सुटतो, पदर मोकळे पडतात. या कुपीत आम्ही बनवलेलं पेप्टाइड आहे, म्हणजे तसेच बारीक बारीक पदर. मोकळा पडलेला पदर सापडला की हे त्याला जाऊन बिलगतात. निळ्या दिव्याखाली हिरवे चमकतात."

"आन् धडधाकट दोरी सापडली तं?"

"तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तिथं त्यांना जागाच नसते."

"म्हणजे जे तुटलं, त्यालेच धरते."

"त्यालाच."

बाबांनी कुपी निरखून पाहिली.

"लाव. चमकलं नाही, तं उद्या मी निंघतो. मंग मले अडवायचं नाही."

"कबूल," केतकी म्हणाली. "पण सगळ्यांना बोलवा. बघू देत."

गरज नव्हती. पण हुशारी एकट्यानं मिरवता येत नाही.

शिष्य जमले. पुढे सारंगबुवा, बाबांचे सगळ्यांत जुने शिष्य. उद्याच्या निघण्याची त्यांनी जय्यत तयारी केली होती. टेम्पो सांगितला होता, त्यावर भोंगा बांधला होता, मागून चालणाऱ्यांसाठी एका रंगाचे फेटे आणले होते. पायी निघालेल्या संन्याशाला भोंगा कशाला, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

केतकीनं चिरेवर थेंब सोडले. थोडं थांबली. जखम धुतली. खिडक्या लावून घेतल्या आणि दिवा धरला.

काही नाही.

पाय होता तसाच काळा.

"बाबा बरे झाले!" सारंगबुवा ओरडले. जयजयकार सुरू झाला. कुणीतरी शंख फुंकला. कुणी कुणाला मिठ्या मारल्या. पायाची चौकशी कुणीच करेना.

केतकी कुपीकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"चूक झाली," ती म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही.

"माझी चूक झाली!"

शंख थांबला.

"कुपी तापवायची राहिली. हे पदर गार कुपीत पडून राहिले की आपसातच पीळ घालून बसतात. तिघं-तिघं. मग जखमेसाठी कुणी मोकळा उरत नाही. लावायच्या आधी तापवून त्यांना सुटं करावं लागतं. आमच्याकडे कामाला लागणाऱ्याला पहिल्याच दिवशी हे शिकवतात. आणि मी... तुम्हाला दाखवायच्या नादात विसरले."

"आता काय विसरली अन् काय नाही," सारंगबुवा म्हणाले. "देवानं कौल देल्ला. बाबा, उठा."

बाबांनी केतकीकडे बघितलं.

"कबूल केलं होतं पोरी. चमकलं नाही. अडवायचं नाही."

"अडवणार."

"मले शब्द देऊन मोडशील?"

"मोडीन."

ती पाटासमोरून हलली नाही.

"हवं तर मला मठाची पायरी बंद करा. मी इथं शिकले हे सांगू नको म्हणालात, तर तेही सांगणार नाही. पण तुटलंय त्याला बरं झालं म्हणणार नाही. देवाचा कौल असला तरी नाही आणि तुमचा हुकूम असला तरी नाही!"

"लय झालं!" सारंगबुवा पुढे सरसावले. "हिले बाहेर काढा."

बाबांनी बोट वर केलं.

"पाणी उकळा."

"बाबा..."

"पाणी."

स्वयंपाकघरातून उकळतं पातेलं आलं. केतकीनं कुपी त्यात धरली. मग पाय भाजू नये म्हणून झटकन गार पाण्यात बुडवली आणि लगेच थेंब सोडले.

"एवढी घाई काहून?"

"वेळ गेला की पुन्हा एकमेकांना धरून बसतात."

"आपल्या आपल्यातच."

"हो."

बाबांनी शिष्यांवरून नजर फिरवली. सावकाश. एकेकाचा चेहरा बघत.

जखम धुऊन झाल्यावर केतकीनं दिवा धरला.

चीर हिरवी पेटली. नुसती चीर नाही, वाळलेल्या वाटत होत्या त्या कडासुद्धा, थेट टाचेपर्यंत. केतकीचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि तिला रडू येत होतं.

"उद्या चाललात तर हा पाय जाईल," ती म्हणाली. "दुखणं पायावरच थांबेल याचीही हमी नाही. इथं राहिलात तर वाचवायचा प्रयत्न करीन. दुसऱ्या कुपीतले पदर औषध घेऊन जातात आणि तुटल्या जागीच बसतात. पण पाय जमिनीला टेकवायचा नाही. किती दिवस, ते आज सांगता येणार नाही."

"आन् नाही वाचला तं?"

"तर नाही वाचला. पण मी सोडणार नाही."

बाहेर भोंगेवाला आवाज तपासत होता. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग...

बाबांनी पाटावरचा पाय उचलला आणि केतकीच्या मांडीवर ठेवला.

शिष्यांत चुळबुळ झाली. बाबा नमस्कारालासुद्धा कुणाला पायांना शिवू देत नसत.

"बांध," बाबा म्हणाले.

केतकीनं डोळे पुसले, हात स्वच्छ केले आणि दुसरी कुपी उकळत्या पाण्यात धरली. या वेळी ती विसरली नाही.

सारंगबुवांना राहवेना. "बाबा, आन् नेम? गावोगावी सांगून ठेवलं हाये. लोकं वाट पाह्यतील. आमी आता काय करावं?"

"तुमी निंघा."

"तुमच्याबिगर?"

"माह्याबिगर."

सारंगबुवांचा चेहरा जरा खुलला. "मंग पहाटे सारेच निंघतो. टेम्पो पुढे ठेवतो, फेटेवाले मांगून..."

बाबांनी मान हलवली.

"एकमेकाले धरून नाही," ते म्हणाले. "एकेकटे जा."